सिंथवन : संगणकातल्या सिंथेसायझरची जडणघडण

संगणकावर संगीतरचना करू पाहणाऱ्या नवशिक्याला हजारो तयार आवाजांनी भरलेली सॉफ्टवेअर आज सहज मिळतात; परंतु आवाज मुळात घडतो कसा हे जाणून घ्यायचे असेल, तर मोजकी नियंत्रणे असलेले साधे वाद्यच अधिक उपयोगी ठरते. जपानमधील इचिरो तोडा यांनी तयार करून विनामूल्य उपलब्ध करून दिलेले ‘सिंथवन’ हे अशा वाद्यांपैकी एक होय. स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीच्या ‘नॉर्ड लीड २’ या लाल रंगाच्या सिंथेसायझरवर ते बेतलेले आहे.

असे वाद्य स्वतंत्रपणे न चालता ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या आत बसते, म्हणून त्याला प्लगिन म्हणतात. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी या नावाने या जोडणीचे नियम प्रसिद्ध केले; सुरुवातीला त्यांचा उपयोग मुद्रित आवाजावर प्रक्रिया करण्यापुरता होता, पण १९९९ च्या सुधारित आवृत्तीने प्लगिनला वाद्यासारखे वाजवण्याची सोय दिली. कीबोर्डवरची पट्टी दाबली की १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी या संकेतपद्धतीनुसार स्वराचा क्रमांक आणि आघाताचा जोर प्लगिनकडे जातो आणि प्लगिन त्या स्वराची लहर गणिताने तयार करतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजासाठी दर सेकंदाला ४४,१०० संख्या काढाव्या लागतात. त्या गटागटाने काढल्या जातात. ५१२ संख्यांचा एक गट धरला तर तेवढ्यानेच सुमारे १२ सहस्रांश सेकंदाचा विलंब होतो, आणि द्रुत लयीत वाजवणाऱ्याच्या हाताला तो जाणवू शकतो.

लहर निर्माण करणाऱ्या भागाला ऑसिलेटर म्हणतात. त्याच्या अनेक आकारांपैकी करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी लहर सर्वांत भरगच्च असते. ११० हर्ट्झचा स्वर या लहरीने वाजवला, तर त्यात २२०, ३३०, ४४०, ५५० अशा क्रमाने वरचे स्वर आपोआप मिसळलेले असतात, आणि त्यांची तीव्रता मूळ स्वराच्या निम्मी, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशी घटत जाते. चौकोनी लहरीत मात्र यांपैकी केवळ विषम क्रमांकाचे स्वर असतात, त्यामुळे तिचा आवाज पोकळ वाटतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा या मालिकेतलाच पाचवा स्वर होय. करवती लहरीतही तो ५५० हर्ट्झवर असतोच, आणि येथे एक लक्षणीय विसंगती दिसते : त्याच कीबोर्डवर गंधाराची पट्टी दाबली तर समान अंतरांच्या बारा स्वरांच्या हिशेबामुळे सुमारे ५५४.४ हर्ट्झचा स्वर उमटतो. म्हणजे वाद्याच्या एकाच सुरात दडलेला गंधार आणि त्याच वाद्याच्या पट्टीवरचा गंधार यांत अर्धस्वराच्या जवळजवळ सातव्या भागाइतका फरक पडतो, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक वेळा आवाजाची चढउतार ऐकू येते.

ऑसिलेटरने दिलेल्या भरगच्च आवाजातून नको ते काढून टाकणे हे फिल्टरचे काम. ठरवलेल्या मर्यादेच्या वरचे स्वर तो क्रमशः मंद करतो, त्यामुळे कर्कश लहर मऊ होते. घडणीची ही पद्धत वजाबाकीची आहे आणि रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून घडवलेल्या सिंथेसायझरांनी ती रूढ केली. यानंतर येतो एन्व्हलप, म्हणजे काळानुसार आवाज बदलण्याचा आराखडा : आवाज किती वेळात चढावा, चढल्यावर किती उतरावा, पट्टी दाबून ठेवली असता कोणत्या पातळीवर टिकावा आणि सोडल्यावर किती वेळात विरावा. चढण्याचा वेळ शून्याजवळ आणि टिकण्याची पातळी शून्य ठेवली की तार छेडल्यासारखा नाद येतो, तर चढ लांबवला की तीच लहर गज फिरवल्यासारखी हळूहळू उमलते. बहुतेकांचे लक्ष लहरीच्या आकाराकडे असते. वास्तविक एखादे वाद्य ओळखताना सुरुवातीच्या या क्षणार्धाचा वाटा फार मोठा असतो.

भारतीय संगीताला मात्र सुटे स्वर पुरत नाहीत; त्याला एका स्वरातून दुसऱ्यात नेणारी मींड लागते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक असलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्यांनी वापरलेल्या रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्रात स्वर घसरत नेण्याची सोय होती. प्लगिनमध्ये हे काम पोर्टामेंटो नावाचे नियंत्रण करते. मात्र ते दोन स्वरांमधले अंतर ठरलेल्या रीतीने कापते, तर गायकाची मींड मध्येच रेंगाळते आणि एखाद्या श्रुतीला स्पर्श करून पुढे जाते; त्यासाठी कीबोर्डच्या शेजारचे पिच बेंडचे चाक हाताने फिरवण्याची साधना करावी लागते. गंधाराची अडचण अशी हाताने सुटणारी नाही. तिच्यासाठी स्वरांची अंतरे बदलू देणारे वाद्य हवे, आणि २०१८ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले झालेले ‘सर्ज’ हे विनामूल्य प्लगिन ती मुभा देते.

सिंथवनसोबत तयार आवाजांची यादी येते, परंतु शिकणाऱ्याने काही काळ ती उघडू नये. एकच ऑसिलेटर, करवती लहर आणि पूर्ण उघडा फिल्टर एवढ्यावर सुरुवात करावी, एका वेळी एकच बटण हलवावे आणि आवाजात नेमके काय बदलले हे पुढचे बटण हलवण्यापूर्वी कानाने ठरवावे.