थोरलं घर, धाकटं घर आणि नाताळ

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला, की मुंबई-पुण्याच्या दुकानांत कापसाचं बर्फ पसरलेली झाडं उभी राहतात. नाताळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं हेच येतं. फार तर वांद्र्याची रोषणाई, वसईच्या वाड्या, नाहीतर गोव्याचा केक. शब्दही तिकडचाच, पोर्तुगिजांकडून आलेला. माझ्या आजीच्या नाताळात यातलं काहीही नव्हतं. तिच्या नाताळाला करडईच्या तेलाचा, बाजरीच्या भाकरीचा आणि रात्रभर चालून आलेल्या बैलांचा वास होता.

आजी जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. १९२६चा तिचा जन्म. नगरच्या मुलींच्या शाळेत राहून ती व्हर्नाक्युलर फायनल पास झाली आणि १९४३ साली लग्न होऊन नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी आली. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली, तोच हा तालुका. नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. पण आजीच्या तोंडी नगर होतं, तेव्हा इथंही नगरच राहू द्या.

आमच्या भागात ख्रिस्ती धर्म आला तो अमेरिकन मराठी मिशनबरोबर. ही मंडळी १८१३मध्ये मुंबईला उतरली आणि १८३१मध्ये नगरला आली. माझे पणजोबा मिशनकडे गेले ते मात्र धर्म शोधत नव्हे. १८९९-१९००च्या दुष्काळात आईबाप गेले. आठ वर्षांचा हा पोर मिशनच्या वसतिगृहात पोचला, तिथं जगला, शिकला आणि पुढं मिशनच्या शाळेत मास्तर झाला. त्यांचे थोरले भाऊ गावातच राहिले. त्यांनी पाटलाच्या वाड्यावर राबून दिवस काढले, पण धर्म बदलला नाही. तेव्हापासून आमच्यात दोन घरं झाली. थोरलं घर तेव्हाच्या महारवाड्यात, धाकटं घर शाळेच्या मागच्या खोल्यांत. मध्ये एक ओढा होता. पावसाळा सोडला तर त्याला पाणी नसे.

आजी सांगायची, नाताळ सुरू व्हायचा तो वीस तारखेला. त्या दिवशी दुपारी थोरल्या घरच्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन ओढा ओलांडून येत. दिवाळीत आमच्या घरच्या तिकडं जात, नाताळात त्या इकडं. फराळ तोच. करंज्या, शंकरपाळे, शेव, चिवडा आणि जमलंच तर बुंदीचे लाडू. आजीचा सासरचा पहिला नाताळ लढाईतला. साखर रेशनवर. करंज्यांत गूळ घातला होता आणि तो पाघळून निम्म्या कढईतच फुटल्या. नव्या सुनेचा हात वाईट, असं कुणीतरी बोललं. “हात नव्हता वाईट, गूळ वाईट होता,” हे आजी साठ वर्षांनंतरही तितक्याच तावातावानं सांगे.

मुंबईची मंडळी तेवीसला येत. आगगाडीनं नगरपर्यंत, तिथून खासगी मोटार मिळाली तर ठीक, नाहीतर रात्रभर बैलगाडी. पुढं एस.टी. आली. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ला धावली ती पुणे-नगर अशी, याचा आजीला का कोण जाणे, स्वतः चालवल्यासारखा अभिमान होता. तसाच अभिमान शाहू मोडकांचा. ‘प्रभात’च्या १९४०च्या चित्रपटात ज्ञानेश्वर झालेला नट आमच्या नगरचा आणि ख्रिस्ती, हे ती पाहुण्यांना चहाआधी सांगायची.

किती माणसं जमत? मी लहान असताना आजी ‘चाळीस’ म्हणायची. मी कॉलेजात गेले तेव्हा ती साठ झाली होती. शेवटी शेवटी तर शंभरावर गेली. एवढ्या माणसांना तीन खोल्या. बायका-पोरं घरात, पुरुष शाळेत बाकं बाजूला सारून. मुंबईच्या जाऊबाई एके वर्षी बेकरीचा केक घेऊन आल्या. प्रवासात त्याचा भुगा झालेला. पोरांनी तो दुधात कालवून खाल्ला आणि सासूबाई म्हणाल्या, “बरा लागतो, पण भाकरी कोणत्या पिठाची?” जाऊबाईंनी पुन्हा केक आणला नाही. भांडणं होतच. बोकडाच्या वाटणीवरून तर दरवर्षी. कलेजी कुणाच्या ताटात गेली, याचा हिशेब आजीला वर्षवार पाठ होता.

चोवीसच्या रात्री तारा चढायचा. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ आणि आत चिमणी. पणजोबा तो स्वतः बांधत, कुणाला हात लावू देत नसत. शाळेच्या आवारातल्या कडुलिंबावर तो चढला, की ओढ्यापलीकडून दिसे. मग टाळ, ढोलकी, पेटी घेऊन भजनाची फेरी निघे, ती पहाटेपर्यंत. ढोलकी थोरल्या पणजोबांची. गावच्या सप्त्याला भजन रंगे तेव्हा ते देवळाबाहेर बसून ऐकत, आत जायची सोय नव्हती. नाताळच्या फेरीत मात्र तेच पुढं. चर्चलाही आमच्याकडे देऊळच म्हणत. या देवळात त्यांना कुणी अडवत नसे. रेव्हरंड टिळकांची भजनं त्यांना मास्तरांपेक्षा जास्त येत. टिळक स्वतः म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. थोरले पणजोबा त्या पुलावर मधोमध आरामात बसलेले, असं मला नेहमी वाटतं.

आजी हे सगळं हसतहसत सांगे. एका नाताळाबद्दल मात्र ती कधी हसली नाही. तो १९५६चा.

त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला ते गेले. थोरल्या घरचा मुलगा, म्हणजे आजीचा चुलतदीर, परळच्या गिरणीत होता. दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या जागीच हजारोंनी दीक्षा घेतली, त्यात तोही होता. तो गावी आला तो डोक्याचे केस काढून. ओढ्यापलीकडं चुली पेटत, पण फोडणीचा वास येत नसे, असं आजी म्हणायची. नाताळ एकोणीस दिवसांवर होता.

वीस तारीख आली. पोळपाट घेऊन कुणी आलं नाही. सासूबाईंनी पीठ मळायला घेतलं तर पणजोबा म्हणाले, “उपासना होईल. फराळ नाही, ढोलकी नाही, तारा नाही.” सासूबाई म्हणाल्या, पोरांचं काय? ते काही बोलले नाहीत. माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांनी चोवीसला दिवसभर कडुलिंबाखाली बसून काढला. मुंबईची मंडळीही त्या वर्षी आली नाहीत.

चोवीसच्या रात्री कंदील मालवायच्या वेळी थोरले पणजोबा एकटेच ओढा ओलांडून आले. ओट्यावर बसले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “मास्तर, यंदा तारा का नाही लावला?”

“दादा, तुमच्या घरात दुःख आणि मी दिवा लावू?”

“दुःख तुझ्या घरात नाही व्हय?”

यावर पणजोबा रडले. आजीनं सासऱ्यांना रडताना त्या एकदाच पाहिलं. मग म्हातारे म्हणाले, “बाबांनी आम्हाला अंधारात बसायला नाही शिकवलं. लाव.” मागच्या वर्षीचा सांगाडा माळ्यावर होता, कागद उंदरांनी खाल्लेला. तसाच उघडा सांगाडा झाडाला बांधला आणि मधोमध चिमणी टांगली. वाऱ्यानं ती दोनदा विझली, दोनदा वडिलांना वर चढवलं. फराळ नव्हताच. आजीनं गुळाचा चहा केला आणि दोघे भाऊ तो पीत उजाडेपर्यंत ओट्यावर बसले. काय बोलले, ते तिला ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी खरी अडचण झाली. थोरल्या घरानं जुने देव ओढ्यात सोडले होते, दिवाळी बंद केली होती. त्यामुळं आमच्या बायकांचं दिवाळीला तिकडं जाणं संपलं. मग नाताळला त्यांनी इकडं यावं का? बायका आल्या, वर्षभराचं बोलणं तुंबलं होतं, त्या कशाला थांबतात! पण गिरणीतला दीर दारातच उभा. एक देव सोडून दुसऱ्या देवाचा फराळ खायचा नाही, म्हणाला. आजी कढईसमोर होती. तिथूनच म्हणाली, “भाऊजी, करंजीत देव नसतो, खोबरं असतं.” त्या दिवशी भाऊजींनी अकरा करंज्या खाल्ल्या. हा आकडा मात्र कधी वाढला नाही, म्हणून तो खरा असावा.

पंगत एक राहिली, पण कागद वेगळे झाले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीत फक्त हिंदू धरले. पुढं १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. एका आजोबांची नातवंडं, एकाच ओढ्याच्या काठची, पण दाखल्यावरच्या एका शब्दानं कुणाला दार उघडलं, कुणाला नाही. गावात विहिरीवर पाणी भरताना मात्र दोन्ही घरांच्या बायकांना सारखंच लांब उभं केलं जाई, तिथं कुणी धर्म विचारला नाही. वडिलांच्या मनात ही सल शेवटपर्यंत होती. थोरल्या घरच्या भावाला नोकरी लागली तेव्हा ते दोन वर्षं नाताळला गावी गेले नाहीत. तिसऱ्या वर्षी आजीनं पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर एवढंच होतं : कामट्या तोडून ठेवल्या आहेत, बांधणारं कुणी नाही.

१९७२च्या दुष्काळातला नाताळ मला अंधूक आठवतो की आजीनं सांगून सांगून आठवल्यासारखा वाटतो, कोण जाणे. दोन्ही घरं खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. खोबरं कुठलं? आजीनं करंजीत सुकडी भरली. पोरांना ती इतकी आवडली, की पुढच्या वर्षी खोबऱ्याच्या करंज्या पाहून माझ्या चुलतभावानं भोकाड पसरलं.

आजीकडे एक पितळी ताट होतं, सासऱ्यांचं नाव घातलेलं. पंचवीसला उपासनेनंतर फराळाचं पहिलं ताट थोरल्या घरी जाई. ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची सगळ्यांची रीत. पूर्वी त्यात मूठभर ज्वारी नाहीतर हरभरे येत. पुढं थोरल्या घरानं ते ताट ठेवूनच घ्यायला सुरुवात केली आणि बुद्धपौर्णिमेला त्यात खिरीची वाटी ठेवून परत पाठवायचं ठरवलं. पाच महिने ताट तिकडं, सात महिने इकडं.

आता गावात आमचं कुणी नाही. करंज्या मी पुण्यात एका बाईंकडून करून घेते, बऱ्या असतात. थोरल्या घरचा नातू हडपसरला राहतो, पंचवीसला संध्याकाळी बायकोमुलांना घेऊन येतो. गेल्या नाताळला जाताना त्यानं ताट नेलं. त्याच्या मुलीनं ते पिशवीत घालताना उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे नाव कुणाचं?” तो म्हणाला, “गाडीत सांगतो, लांबलचक आहे.”