ओळखीच्या शब्दांचा चकवा

भूगोलाच्या तासाला मुलं 'सामुद्रधुनी' किंवा 'संयोगभूमी' अशा शब्दांना घाबरतात, पण व्याख्या पाठ करून ते पार पाडतात. खरी चूक होते ती घरात रोज ऐकलेल्या शब्दांत. अर्थ आधीच ठाऊक आहे असं वाटतं, म्हणून कोणी विचारत नाही.

गैरसमज : वाळवंट म्हणजे वाळू आणि रणरणतं ऊन.
वस्तुस्थिती : वाळवंट ठरतं पावसावरून. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश तो वाळवंटी. म्हणून कडाक्याच्या थंडीचं लडाख हे शीत वाळवंट आहे. सहारातही वाळूने व्यापलेला भाग सुमारे पावच; बाकी सगळा खडक, गोटे, मुरूम. मग पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट कसं? तिथे हा शब्द नदीपात्रातल्या वाळूच्या पट्ट्यासाठी येतो. तो अर्थही अस्सल मराठीच. धड्यातला अर्थ मात्र वेगळा.

गैरसमज : घाट म्हणजे डोंगर. एका बाजूने चढायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचा.
वस्तुस्थिती : घाट ही डोंगरातून चढण्या-उतरण्याची वाट : बोरघाट, कुंभार्ली, आंबोली. अख्ख्या रांगेला 'पश्चिम घाट' नाव पडल्यामुळे गोंधळ होतो. शिवाय सह्याद्रीचे दोन्ही उतार सारखे नाहीत. तो दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची उभी कड आहे.

हे पाहायचं असेल तर मुंबई-पुणे गाडीत मुलाला खिडकीशी बसवा. कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात, मग बोगद्यामागून बोगदे, खाली दरी. लोणावळा आलं की चढ संपतो. पण तसा उतार पुढे येतच नाही. लोणावळ्याची उंची सुमारे ६२० मीटर, पुण्याची सुमारे ५६०. म्हणजे आपण डोंगर ओलांडलेला नसतो, पठारावर चढून आलेलो असतो. हे पठार पूर्वेकडे कललेलं आहे. म्हणूनच अरबी समुद्राच्या इतक्या जवळ, त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

गैरसमज : खाडी, आखात, उपसागर, सगळं एकच.
वस्तुस्थिती : भरतीचं पाणी नदीच्या मुखातून जिथवर आत शिरतं, ती खाडी. तिथे खारं-गोडं पाणी मिसळतं, काठाला तिवरं वाढतात. जमिनीत खोलवर घुसलेला समुद्र म्हणजे आखात, जसं खंबातचं. तीन बाजूंनी जमीन, पण तोंड रुंद, तो उपसागर. गोंधळाचं एक कारण हिंदी आहे : हिंदीत बंगालच्या उपसागरालाही 'खाडी' म्हणतात आणि आखाती देशांनाही 'खाडी देश'.

गैरसमज : देश म्हणजे फक्त राष्ट्र.
वस्तुस्थिती : कोकणातली आजी 'पोरगा देशावर गेला' म्हणते, तेव्हा तो परदेशी गेलेला नसतो, घाट चढून सातारा-पुण्याकडे गेलेला असतो. घाटमाथ्याच्या पूर्वेचा मुलूख म्हणजे देश.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. व्याख्या सांगण्याआधी मुलाला विचारा, 'हा शब्द घरी कधी ऐकलास?' त्याचं उत्तर चुकीचं म्हणून पुसू नका. त्याच्या शेजारी पुस्तकातला अर्थ लिहा. दोन्ही अर्थ वहीत शेजारी-शेजारी आले, की कुठे कोणता वापरायचा हे मूल स्वतःच सांगू लागतं.