जुनी घोंगडी भारी की नवी? : भागाचं लिखित रूप

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथे मी "म्हणजे, म्हणजे" करत राहिलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं.

एका श्रोत्याचा प्रश्न होता की जुन्या इंग्रजी सिनेमांतल्या फेल्ट हॅट आणि आजच्या हॅट यांत फरक काय. प्रश्न चांगला आहे, पण मी पडलो सोलापूरचा. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना फेल्टची हॅट कोण घालणार? तरी त्या प्रश्नाच्या पोटात एक गोष्ट आहे जी थेट आपल्या सांगोला-मंगळवेढ्याकडची आहे. फेल्ट म्हणजे लोकर दाबून, घट्ट करून केलेलं कापड. आणि आपल्याकडे पावसात मेंढ्यांमागे उभा असलेला धनगर डोक्यावरून जी खोळ घेतो, ती याच तत्त्वावर चालते. घोंगडीचा एक कोपरा आत दुमडून केलेली टोपी आणि पाठीवरून खाली सोडलेला रेनकोट, एकाच कापडात.

आधी फेल्ट म्हणजे काय ते समजून घेऊ, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोकरीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर माशाच्या खवल्यांसारखे खवले दिसतात. गरम पाणी, थोडा साबण आणि घासाघीस मिळाली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. घरातला लोकरीचा स्वेटर कोणीतरी वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकतं आणि तो बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर येतो, ते हेच. केसांची जट होते ना, तशी मुद्दाम केलेली जट म्हणजे फेल्ट. जुन्या मराठीत याला बुरणूस म्हणत. काश्मीरचा नमदा हाही तोच प्रकार.

हॅटचं थोडक्यात सांगतो. जुन्या भारी हॅट मेंढीच्या लोकरीच्या नसायच्या. त्या बीव्हर किंवा सशाच्या अंगालगतच्या बारीक मऊ केसांच्या असायच्या. ते केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून पाऱ्याचं क्षार लावत, आणि कारागीर त्या वाफेनं आजारी पडत. हात थरथरायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा. अमेरिकेत हा प्रकार १९४१ मध्ये बंद झाला. आज बाजारात स्वस्तात मिळणारी फेल्ट हॅट बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीची असते आणि तिचा आकार टिकतो तो कडक करायच्या रसायनावर. दोन पावसांत ती मान टाकते. जुनी हॅट पातळ असूनही आकार धरून ठेवते, कारण तिचा दाटपणा जास्त. म्हणजे जाडी आणि दाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं लक्षात ठेवा, घोंगडीला हेच लागू आहे.

आता घोंगडी. ही पूर्ण फेल्ट नाही. आधी मागावर विणतात आणि मग ती हळूहळू दाटत जाते. लोकर दख्खनी मेंढीची. काळी, तपकिरी, करडी, जशी मेंढी तशी घोंगडी. हिचा केस सरासरी चाळीस मायक्रॉनच्या वर जाडा. परदेशी मेरिनोचा केस वीसच्या आसपास असतो. तीसच्या वर गेलं की कातडीला टोचतं. त्यामुळे घोंगडी टोचते यात विणणाऱ्याचा काही दोष नाही, ते भौतिकशास्त्र आहे. फक्त कोकराची पहिली लोकर मऊ असते, तिला जावळ म्हणतात. जावळाची घोंगडी म्हणजे या घराण्यातली महागडी मंडळी.

मेंढी वर्षातून दोनदा कातरतात आणि वर्षाची लोकर निघते जेमतेम अर्धा-पाऊण किलो. घोंगडी दोन-अडीच किलोची धरली, धुण्यापिंजण्यात होणारी घट धरली, तर एका घोंगडीमागे चार-पाच मेंढ्यांचं अख्खं वर्ष उभं आहे. मग पिंजायचं, चरख्यावर कातायचं. कातण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांनी केलंय आणि घोंगडीच्या गोष्टीत त्यांचं नाव क्वचित येतं. उभे धागे जास्त पीळ देऊन कातायचे, ते ताण सहन करतात. आडवे धागे सैल, त्यांनी पुढे फुगून भोकं बुजवायची असतात. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून कुंच्यानं सारखं करायचं, नाहीतर ते केसाळ धागे मागावर एकमेकांत गुंततात. मग खड्ड्याच्या मागावर बसून सनगर किंवा खुटेकर धनगर विणतात. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ का असते असं विचारतात, ते या खळीमुळे.

आता मुख्य प्रश्न. "आजोबांची घोंगडी बघा, चाळीस वर्षं झाली, थेंब आत येत नाही. आत्ताच्या घोंगड्यांत राम नाही." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. यात खरं किती?

पहिली गोष्ट, आमच्या धंद्यात ज्याला सर्व्हायवरशिप बायस म्हणतात ती. आजोबांच्या काळातल्या ज्या घोंगड्या फाटल्या, ज्यांना कसर लागली, ज्या बैलाच्या पाठीवर टाकून संपवल्या, त्या आज तुमच्यासमोर नाहीत. समोर आहे ती टिकलेली एक. तिच्यावरून सगळ्या जुन्या घोंगड्या भारी होत्या असं ठरवणं म्हणजे आज चालू असलेला एक जुना नोकिया बघून त्या काळचे सगळे फोन अमर होते म्हणण्यासारखं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आजोबांची घोंगडी मागावरून उतरली तेव्हा तशी नव्हतीच. तीही ताठ होती, टोचत होती, उजेडात धरली तर जाळी दिसत होती. मग ती अंगावर भिजली, अंगाच्या उबेनं वाळली, खांद्यावर घासली, तिच्यावर माणसं झोपली. ओल, ऊब आणि घर्षण, म्हणजे फेल्ट व्हायला लागतं तेच सगळं, पण सावकाश, दर पावसाळ्याला थोडं थोडं. अर्धी कारागिरी मागावर झाली आणि उरलेली वापरणाऱ्याच्या अंगावर. नव्या घोंगडीशी तिची तुलना करणं म्हणजे मुरलेल्या लोणच्याची कालच्या फोडींशी तुलना.

मग सगळं ठीकच आहे का? नाही. काही गोष्टी खरोखर बिघडल्यात, आणि त्या मागावर नाही, त्याच्या आधीच बिघडल्यात.

लोकरच बदललीय. सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात माडग्याळ जातीच्या मेंढ्या वाढल्या. वजनदार, बाकदार नाकाच्या, मटणाला उत्तम. आटपाडीच्या बाजारात एखाद्या माडग्याळ मेंढ्याला लाखांत भाव आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पण तिच्या अंगावर घोंगडीलायक लोकर नसते. मेंढपाळाला दोष देऊ नका. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही. लोकर माळावर टाकून द्यावी लागते. मटणाला गिऱ्हाईक आहे आणि लोकरीला नाही, तर तो काय करणार?

दुसरं, सूत. हाताने कातलेलं सूत कमी झालं आणि गिरणीचं तयार सूत आलं. ते एकसारखं असतं, दिसायला सुबक. पण आडव्या धाग्याचा तो सैलपणा त्यात नसतो, आणि त्यात काय काय मिसळलंय हे बघून कळत नाही. कारखान्यात लोकर रसायनांनी धुतली की तिच्यातला मेणचटपणाही निघून जातो. पाणी घोंगडीवरून ओघळतं त्यात या मेणाचा वाटा मोठा. त्यामुळे चांगल्या विणकराच्या हातची असूनही अशी घोंगडी वीस वर्षांनी आजोबांच्या घोंगडीसारखी दाटेल याची खात्री मी देणार नाही.

तिसरं, नक्कल. आपल्या सोलापुरी चादरीचं हे दुखणं आपल्याला माहीत आहे. भौगोलिक मानांकन मिळूनही पानिपतच्या चादरी सोलापुरी म्हणून खपतात. पानिपत जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. तसल्या सुताचं किंवा ॲक्रिलिकचं काळं ब्लँकेट फोटोत घोंगडीसारखंच दिसतं.

ओळखायचं कसं? कडेचा एक धागा काढा आणि काडी लावा. लोकर असेल तर जळक्या केसाचा वास येईल, ज्योत बाजूला केली की विझेल, आणि राख बोटात चुरडली जाईल. ॲक्रिलिक पेटत राहतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. दुसरी चाचणी, वर पाण्याचे चार थेंब टाका. हातकताईच्या घोंगडीवर ते काही वेळ मोत्यासारखे उभे राहतात. आणि विक्रेत्याला सरळ विचारा, सूत कुठलं? खरा विणकर हे सांगताना थकत नाही.

एक मात्र सांगतो. घोंगडीवर झोपल्यानं कंबरदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळं बरं होतं, असे मेसेज फिरतात. कोणी विकताना हे सांगत असेल तर जरा लांबच राहा. ती उबदार असते, ओल शोषूनही गार लागत नाही, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पोटात घेऊ शकते. एवढे गुण पुरेसे आहेत.

लोकरीला आजही मान आहे तो देवाच्या दारी. मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. त्याच लोकरीला बाजारात भाव नाही.

घेतलीत तर काळजी अशी घ्या. आधी गार पाण्यात बुडवून खळ काढा, रिठे चालतील. गरम पाणी आणि मशीन अजिबात नाही, स्वेटरचं मघाशी सांगितलं ते आठवा. सावलीत वाळवा. कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, पण कपाटात वर्षभर कोंडू नका. कसर पडून राहिलेल्या लोकरीला आधी लागते. रोज अंथरा, गच्चीवर न्या, पहिल्या पावसात डोक्यावर खोळ घेऊन बघा. पहिले काही महिने टोचेल. खाली एक सोलापुरी चादर टाका.