मोतीबिंदू काढल्यानंतर

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता घटकाभराचे काम झाले आहे. नेत्रवैद्य बुबुळाच्या कडेशी दोन-तीन मिलिमीटरांचा छेद घेतात, गढूळ झालेले भिंग काढतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. बहुधा टाकाही पडत नाही. रुग्ण त्याच दिवशी इंदूरहून महूला परततो आणि घरी येताच पथ्यांचा भडिमार सुरू होतो. वाचू नका, आंबट खाऊ नका, चाळीस दिवस अंथरूण सोडू नका!

ही पथ्ये जुन्या काळची आहेत. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसविले, तेव्हा व त्यानंतरही कित्येक वर्षे छेद मोठा असे. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवीत. त्या काळी ती भीती रास्त होती. आज वाचनाने किंवा लिंबाच्या फोडीने डोळा बिघडत नाही. तो बिघडतो मळक्या बोटाने आणि पाण्याने, आणि त्यांचे भय मात्र आपणांस वाटत नाही.

छेद पुरता मिटेपर्यंत जंतूंना आत शिरण्यास वाट असते. ऑगस्ट २०१९ मध्ये इंदूरच्या एका नेत्ररुग्णालयात ही शस्त्रक्रिया झालेल्या ११ जणांची एका डोळ्याची दृष्टी जंतुसंसर्गाने गेली. तेथे रुग्णांचा काही दोष नव्हता. परंतु आत शिरलेला जंतू किती वेगाने नाश करतो, हे त्यावरून कळते.

म्हणून औषध घालण्यापूर्वी साबणाने हात धुवावे. मान मागे करून खालची पापणी किंचित ओढावी, एकच थेंब सोडावा. बाटलीचे तोंड पापणीस लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर अलगद दाबावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध पाच मिनिटांनी. बरे वाटले म्हणून थेंब बंद करू नयेत, की संपल्यावर स्वतःहून नवी बाटली आणू नये. यांतील काही औषधांनी डोळ्यातील दाब वाढतो. मध, गुलाबपाणी, काजळ यांना तर उंबऱ्याबाहेरच ठेवावे. रात्री डोळ्यावर जाळीची ढाल बांधावी, कारण झोपेत हात आपोआप डोळ्याकडे जातो. स्नान गळ्याखालीच करावे. आणि फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली असेल, तर रंगपंचमीची इंदूरची गेर त्या वर्षी दूरदर्शनवरच पाहावी.

थोडे खुपणे, पाणी येणे, उजेड न सोसणे हे पहिले काही दिवस चालायचेच. पण दुखणे वाढत गेले, लाली चढली, किंवा उजळलेली दृष्टी पुन्हा धूसर झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला नेत्रवैद्य गाठावा. चष्म्याची मात्र घाई नको. त्याचा क्रमांक महिना-दीड महिन्याने, डोळा स्थिरावल्यावरच काढतात.