तारेचे वेष्टण आणि धुराचा हिशेब

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंश सेल्सियसच्या पलीकडे गेला, तर त्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. मे २०१३ मध्ये तो ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. या दिवसांत घरोघरी कूलर अहोरात्र फिरतात, कचेऱ्यांतून व रुग्णालयांतून वातानुकूलन यंत्रे चालतात आणि या साऱ्यांचा भार भिंतींत दडलेल्या विजेच्या तारा मुकाट्याने वाहत असतात. त्या तारांवरचे रंगीत वेष्टण बहुतेक ठिकाणी पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजेच सर्वपरिचित पीव्हीसी, या पदार्थाचे असते. साधे पीव्हीसी वेष्टण ७० अंशांपर्यंत सुरक्षित मानले जाते आणि तारेची वहनक्षमता ठरविताना भोवतालची हवा ४० अंशांची धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे प्रवाहामुळे तार तापण्यासाठी ३० अंशांची सवड उरते. हवाच ४६ अंशांची झाली की ही सवड २४ अंशांवर येते आणि तीच तार सुमारे १० टक्के कमी प्रवाह सुरक्षितपणे वाहू शकते. भार मात्र नेमका याच दिवसांत वाढलेला असतो.

पीव्हीसीचा स्वभाव जाणून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांनी १८७२ मध्ये या पदार्थाची नोंद केली. पण त्याचा व्यवहारात काही उपयोग होईना. १९२६ मध्ये वाल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने तो तेलकट द्रवाच्या साह्याने मऊ केला, तेव्हा कोठे त्याचा मार्ग मोकळा झाला. या पदार्थातील कार्बन अणूंच्या लांब साखळीत एकाआड एका अणूला क्लोरीन जोडलेला असतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा ५७ टक्के भाग क्लोरीनचाच भरतो. तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की हा क्लोरीन शेजारच्या हायड्रोजनला बरोबर घेऊन आम्लवायूच्या रूपाने निसटू लागतो. एक जोडी निसटली की तिच्या शेजारची सैल होते. विणलेल्या कापडाचा एक टाका तुटावा आणि पुढचे टाके आपोआप उसवत जावेत, तसा हा प्रकार आहे. बाहेर पडलेला आम्लवायू या उसवण्याला आणखी वेग देतो. पदार्थ आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळा पडतो.

गंमत अशी की, पीव्हीसीला आकार द्यायचा तर ते १७० ते २०० अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणजे घडविताघडविताच ते बिघडू लागते. म्हणून त्यात आम्लवायू शोषून घेणारे द्रव्य मिसळतात. कारखानदारीच्या भाषेत त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. हे द्रव्य म्हणजे एक प्रकारची गंगाजळीच होय. कारखान्यात तिच्यातून पहिली मोठी उचल होते. पुढे तार जितकी तापेल तितकी थोडीथोडी होत राहते. गंगाजळी आटली की उसवणे रोखणारे काही उरत नाही.

या कामासाठी दीर्घकाळ शिशाचे क्षार वापरले गेले. ते स्वस्त आहेत आणि वेष्टणाच्या वीजरोधक गुणाला बाध आणीत नाहीत. परंतु शिसे हे विष आहे आणि बालकांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, हेही तितकेच निश्चित आहे. युरोपातील उद्योगाने २०१५ अखेर या कामातील शिशाचा वापर थांबविला. त्याची जागा मुख्यतः कॅल्शियम व जस्ताच्या क्षारांनी घेतली. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये पीव्हीसी नळांतील शिशाबाबत आदेश दिला आणि केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यासंबंधी नियम केले. हे नियम मात्र नळ व त्यांच्या जोडण्यांपुरते आहेत.

आता आगीकडे वळू. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. पण कडक पीव्हीसी जळत राहण्यासाठी सुमारे ४५ टक्के प्राणवायू लागतो. त्यातील क्लोरीन ज्वालेला पसरू देत नाही. वीजतारांसाठी पीव्हीसीची निवड होण्याचे हे एक कारण. परंतु तार वाकावी म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळले की हा आकडा विशी-पंचविशीपर्यंत घसरतो. तो पुन्हा वर नेण्यासाठी अँटिमनीचे संयुग घालतात. ज्वाला आटोक्यात येते. पण बाहेर पडणारा क्लोरीन जातो कोठे? एक किलो शुद्ध पीव्हीसी पूर्ण विघटित झाले, तर त्यातून अर्ध्या किलोहून अधिक, म्हणजे जवळजवळ ४०० लिटर, आम्लवायू निघतो. त्याच्या जोडीला काळा, दाट धूर असतो. डोळे मिटतात, घसा आवळतो, वाट दिसेनाशी होते. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या एका टेलिफोन केंद्रात तारांना लागलेल्या आगीने सुमारे १ लाख ७० हजार दूरध्वनी बंद पडले. ज्वालांखेरीज आम्लयुक्त धुरानेही तेथील यंत्रसामग्रीची नासाडी केली.

धूर किती घातक असतो, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके दगावली. त्यांपैकी ३ भाजून आणि ७ धुराने गुदमरून मृत्यू पावली, असे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, तेही मुख्यतः गुदमरून. या दुर्घटनांचे खापर पीव्हीसीवर फोडणे योग्य होणार नाही. तथापि ज्वाला पोहोचण्यापूर्वीच धूर पोहोचतो, हा त्यांचा धडा आहे.

बाजारातील व्यवहार मात्र ज्वालेकडेच पाहून होतो. वीजतारांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ही जमेची बाजू. पण तारेच्या गुंडाळीवरील ‘एफआर’ ही अक्षरे फक्त आग पसरण्याविषयी आश्वासन देतात. धुराविषयी ती मौन पाळतात. कमी धुराच्या तारांसाठी भारतीय मानकात वेगळा वर्ग आहे. त्याला २० टक्क्यांपर्यंतच आम्लवायूची मर्यादा आणि धुराच्या दाटपणाची स्वतंत्र कसोटी लागू आहे. क्लोरीनविरहित तारांसाठी निराळे मानक आहे. या तारा महाग पडतात, हे खरे. पण इमारतीच्या एकूण खर्चात वेष्टणाचा वाटा तो केवढा!

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. तारेच्या बाबतीत अडचण याहून अवघड आहे. वेष्टणात काय मिसळले आहे, हे घेणाऱ्याला दिसत नाहीच. शिवाय घेणारा एक आणि भोगणारा दुसरा. ठेकेदार तार निवडतो, खाते देयक मंजूर करते आणि त्या छताखाली रुग्ण व विद्यार्थी राहतात. बचत एकाच्या पदरात पडते. धोका दुसऱ्याच्या वाट्याला येतो. असा प्रश्न बाजार आपणहून सोडवीत नाही.

महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने दर जानेवारी व जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. त्याला वायरिंगच्या तपासणीची जोड मिळाली पाहिजे. रुग्णालये, शाळा व सभागृहे यांच्या सरकारी निविदांत कमी धुराच्या किंवा क्लोरीनविरहित तारेची अट घालावी, आलेल्या मालाचे नमुने तपासावेत आणि तारेचा भार नागपूरच्या मे महिन्याच्या हवेनुसार मोजावा. यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकविणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून याच शहरात आहे. १९४२ मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था रसायन अभियांत्रिकी शिकविते. भारतीय मानक ब्युरोची शाखाही येथे आहे. ज्ञान शहरात आहे. ते निविदेच्या अटींत उतरविणे, एवढेच काम शासनाकडे उरते. आणि ते पुढच्या उन्हाळ्यापूर्वी व्हावयास हवे.