अडलेली तार

माझ्या भाच्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. दोन महिन्यांतच पोरगं हिरमुसलं. मला म्हणाला, ‘‘मामू, माझा कानच कच्चा आहे. सूर लावतो, अर्धं गाणं होत नाही तोवर उतरतो.’’ दुरुस्तीच्या दुकानात त्याला सांगण्यात आलं, की चाव्या गेल्यात, सहाच्या सहा बदला. सांगितलेली रक्कम गिटारच्या किमतीच्या निम्मी होती. तेव्हा गिटार विकून टाकावी, असं त्याच्या मनात आलं होतं. पैशांचं मला फारसं वाटलं नाही. पण स्वतःच्या कानावरचा विश्वास एकदा उडाला, की माणूस पुन्हा वाद्याला हात लावत नाही.

मी गिटारवाला नाही. तंबोऱ्याच्या आसपास बसलेला माणूस आहे, इतकंच. तरी त्याला म्हटलं, माझ्यासमोर लाव बघू. तो तिसऱ्या तारेची चावी पिळू लागला. सूर जागचा हलेना. आणखी पिळली. एकदम ‘टिंग’ असा बारीक आवाज झाला आणि सूर उडी मारून वर गेला. कुठंतरी काहीतरी अडत होतं आणि मग सुटत होतं. चावी सैल असती, तर सूर हळूहळू घसरला असता. त्याने अशी उडी मारली नसती.

वाद्यवृंदात गिटार वाजवून केस पांढरे केलेले माझे एक स्नेही आहेत. त्यांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, ‘‘नट बघा.’’

नट म्हणजे पेचावर बसवायचा नट नव्हे. तंबोऱ्याला जशी अटी, तशी ही गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला बसवलेली पट्टी. लांबी सुमारे ४२ मिलिमीटर. हाडाची, नाहीतर प्लॅस्टिकची. तिच्यात सहा खाचा. प्रत्येक तार आपल्या खाचेतून पुढे चावीकडे जाते. ही खाच तारेला जागेवर धरते, पण तिने तारेला सरकूही दिलं पाहिजे. सितारीवर मींड घेताना तार ओढतात, तशी इलेक्ट्रिक गिटारवर बोटाने तार बाजूला ताणतात. तिला बेंड म्हणतात. ताण पडला की चावीच्या बाजूची तार केसभर खाचेतून इकडे सरकते. बोट सोडल्यावर तिने परत जायला हवं. खाच घट्ट असेल तर ती तिथंच अडकते आणि सूर उतरलेला राहतो. वादकाला वाटतं, आपण बेसूर झालो.

खात्री करायची रीत सोपी आहे. सूर नीट लावा, तार जोरात ताणून सोडा. सूर उतरला, तर नटाच्या मागे, चावीच्या बाजूला, तार बोटाने दाबून सोडा. तेवढ्याने सूर पुन्हा जागेवर आला, तर दोष नटाचा. मात्र तारा नव्या असतील तर आधी त्या हाताने ओढून ताणून घ्याव्यात. नवी तार काही काळ उतरतच असते.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक भानगड होती. गिटारला आधी ‘नऊचा सेट’ होता, म्हणजे पहिली तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची. याने आवाज भरदार यावा म्हणून ‘दहाचा’ चढवला. त्याने तिसरी तार सोळावरून सतरावर गेली, चौथी चोवीसवरून सव्वीसवर. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण खाचेला कळतो. शिवाय ही गिटार १९५२ साली निघालेल्या लेस पॉलच्या घाटाची. चाव्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, त्यामुळे मधल्या दोन तारा खाचेतून बाहेर पडताच कडेला वळतात आणि खाचेच्या भिंतीला घासतात. तिसऱ्या तारेच्या तक्रारी जास्त येतात त्या यामुळेच. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहाही चाव्या एका ओळीत आहेत, तारा जवळजवळ सरळ जातात. फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकाने तर नटावरच तारा आवळून टाकणारं कुलूप बनवलं. त्याचं पेटंट १९७९ सालचं आहे. तार तिथं सरकूच द्यायची नाही, म्हणजे अडायचा प्रश्नच उरत नाही!

आम्ही आधी स्वस्तातला उपाय केला. तार सैल करून खाचेतून बाजूला घेतली, जुन्या टूथब्रशने खाच साफ केली आणि मऊ शिसाच्या पेन्सिलीचं टोक आत फिरवलं. पेन्सिलीतलं ग्राफाइट वंगणाचं काम करतं. पहिली आणि दुसरी तार तेवढ्यावर सुधारली. तिसरी ऐकेना.

मग घासणं आलं. यासाठी तारेच्या जाडीच्या बारीक कानशी मिळतात, पण त्या महाग. आम्ही सहाशे नंबरचा पॉलिश पेपर एका बारीक तारेभोवती गुंडाळला. तारेपेक्षा खाच इंचाच्या दोन-तीन हजारांशांनी रुंद झाली की पुरे. घासायच्या त्या भिंती, तळ नव्हे. तळ खोल गेला तर मोकळी तार पहिल्या पडद्याला लागून खरखरते. खाचेचा उतार चावीकडे हवा, म्हणजे तार पडद्यांकडच्या कडेवर टेकते. मागच्या भिंतीला थोडं चावीच्या दिशेने वळण द्यायचं.

भाचा घाई करू लागला. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढताना मी कारागिराला पाहिलं आहे. घोडीवर दोन हात फिरवायचे, थांबायचं, तार चढवून ऐकायचं, पुन्हा दोन हात. दिवस गेला तरी चालेल. (मीही एका शेरात रदीफ बदलत बसलो होतो, दोष एका जास्तीच्या मात्रेचा निघाला होता.) म्हटलं, पाच वेळा घास, तार लाव, ऐक. काढलेलं परत बसत नाही.

तसं अगदीच बसत नाही असं नाही. खाच खोल गेलीच, तर तिच्यात खाण्याचा सोडा भरून त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकतात. क्षणात दगड होतो, मग पुन्हा घासायचं. गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी असावी. हा तात्पुरता इलाज; त्यापेक्षा हाडाचा नवा नट बसवून घेणं बरं.

चौथ्यांदा तार चढवली तेव्हा ‘टिंग’ आलं नाही. भाच्याने चावी पिळली, सूर तिच्याबरोबर चढत गेला. त्याने तार ताणली, सोडली, ऐकलं. पुन्हा ताणली. सूर जागेवर. चाव्या त्याच, जुन्याच. मग माझ्याकडे न बघता त्याने चौथी तार सैल करायला घेतली आणि म्हणाला, ‘‘मामू, तो कागद द्या.’’