टोकियोच्या राजवाड्यातली देवळं: पूजा सम्राटाची, मग खर्च कोणाचा?

टोकियोच्या मधोमध, खंदकांनी वेढलेल्या सुमारे ११५ हेक्टर परिसरात जपानच्या सम्राटाचा राजवाडा आहे. याच आवारात शिंतो धर्माची तीन देवळं आहेत. सामान्य माणसाला तिथं प्रवेश नाही. सम्राट स्वतः तिथं पूजा करतात. पण जपानची राज्यघटना सरकारला धर्मापासून लांब राहायला सांगते. मग हे जमतं कसं?

ही तीन देवळं कोणती?

पहिलं आणि सर्वांत मानाचं काशिकोदोकोरो. इथं सूर्यदेवता आमातेरासुची पूजा होते. परंपरेनुसार ती राजघराण्याची मूळ पूर्वज. तिचं प्रतीक असलेला मूळ पवित्र आरसा इसे इथल्या मंदिरात आहे, राजवाड्यात त्याची प्रतिकृती आहे. दुसऱ्या कोरेइदेनमध्ये राजघराण्यातल्या पूर्वजांचं आणि तिसऱ्या शिन्देनमध्ये आकाश आणि पृथ्वीवरच्या सर्व देवतांचं पूजन होतं. या सध्याच्या वास्तू १८८८ साली उभ्या राहिल्या.

इथं काय होतं?

वर्षभर अनेक विधी होतात. त्यात सर्वांत महत्त्वाचा २३ नोव्हेंबरचा 'नीनामे-साइ'. त्या रात्री सम्राट लगतच्या शिंकादेन या वास्तूत नव्या तांदळाचा नैवेद्य देवांना दाखवतात आणि स्वतःही तो ग्रहण करतात. आपल्याकडच्या नव्या धान्याच्या पूजेशी हे मिळतंजुळतं आहे. २३ नोव्हेंबरला जपानमध्ये आजही सार्वजनिक सुट्टी असते, पण १९४८च्या कायद्यानं तिचं नाव 'श्रमिक कृतज्ञता दिन' केलं. तारीख तीच राहिली, धार्मिक नाव गेलं.

नाव का बदललं?

दुसऱ्या महायुद्धापर्यंत शिंतो आणि सरकार एकमेकांत मिसळलेले होते. सम्राटाला दैवी मानलं जाई आणि राजवाड्यातल्या पूजा हे राज्याचं काम होतं. त्याच श्रद्धेच्या नावावर लोकांना युद्धात ओढलं गेलं. जपानच्या पराभवानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनानं शिंतोला मिळणारा सरकारी पाठिंबा बंद केला. १९४७ मध्ये नवी घटना लागू झाली. तिच्या कलम २० नुसार सरकारला धार्मिक कार्य करता येत नाही आणि कलम ८९ नुसार धार्मिक संस्थांवर सरकारी पैसा खर्च करता येत नाही.

मग पूजा चालू कशा राहिल्या?

त्या राजघराण्याच्या खासगी बाबी ठरल्या. घरच्या देवघरात कोणी काय करावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न, असा हा हिशेब. त्यामुळे इथले पुजारी आणि सेवा करणाऱ्या स्त्रिया सरकारी नोकर नाहीत. सम्राट कुटुंबाला दरवर्षी घरखर्चासाठी ३२ कोटी ४० लाख येन मिळतात, त्यातून त्यांचा पगार होतो.

ही रेषा किती बारीक आहे, हे एका बदलावरून कळतं. रोज सकाळी सम्राटाच्या वतीनं एक दरबारी अधिकारी देवळांना वंदन करतो. तो मात्र सरकारी नोकर. पूर्वी तो पारंपरिक वेशात आत जाऊन वंदन करी. १९७५ पासून तो पाश्चात्त्य पोशाखात, बाहेर अंगणात उभा राहून वंदन करतो.

वाद कुठे होतो?

रेषा नेहमीच इतकी स्पष्ट नसते. १९५९ मध्ये तत्कालीन युवराज अकिहितो यांचं लग्न काशिकोदोकोरोसमोर झालं आणि तो विधी सरकारी समारंभ म्हणून पार पडला. सर्वांत मोठा वाद असतो 'दाइजोसाइ'चा. नवा सम्राट गादीवर आल्यावरचा पहिला नवान्न विधी म्हणजे दाइजोसाइ. नारुहितो यांच्यासाठी तो नोव्हेंबर २०१९ मध्ये राजवाड्याच्या पूर्वेकडील बागेत झाला. त्यासाठी तात्पुरत्या लाकडी वास्तू उभारल्या आणि नंतर त्या पाडल्या. खर्च २०० कोटी येनहून अधिक आला, तोही सरकारी तिजोरीतून. सरकारचं म्हणणं होतं, की विधी धार्मिक असला तरी राजगादीच्या परंपरेशी जोडलेला असल्यानं त्याला सार्वजनिक महत्त्व आहे.

यावर आक्षेप घेणाऱ्यांत सम्राटांचे धाकटे भाऊ, युवराज अकिशिनो हेही होते. इतक्या धार्मिक विधीचा खर्च सरकारनं करणं योग्य आहे का, असा सवाल त्यांनी २०१८ मध्येच जाहीरपणे केला होता. घराण्याच्या पैशातून, झेपेल तेवढाच विधी करावा, असं त्यांचं मत होतं. न्यायालयांचा कल वेगळा दिसतो. १९९०च्या दाइजोसाइला कागोशिमाचे गव्हर्नर हजर राहिले, ते घटनाबाह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिला.

यासुकुनी मंदिर यापैकीच एक आहे का?

नाही. बातम्यांत वारंवार दिसणारं यासुकुनी राजवाड्याजवळच, पण खंदकाबाहेर आहे. तिथं युद्धात मेलेल्यांचं स्मरण होतं. युद्धानंतर ती खासगी धार्मिक संस्था झाली. १९७८ मध्ये तिथं 'अ' वर्गातल्या युद्धगुन्हेगारांचाही समावेश झाला. १९७५ नंतर एकही सम्राट तिथं गेलेला नाही.

त्यामुळे 'जपानचा सम्राट शिंतो विधी करतो, म्हणजे जपान शिंतो राष्ट्र आहे' अशी पोस्ट दिसली, तर थोडं थांबा. सम्राटाला स्वतःचा देव पुजायची मोकळीक आहे. भांडण आहे ते त्या पूजेचं बिल जनतेनं भरावं का, यावर. आणि पुढचा सम्राट गादीवर बसेल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर येईल.